विश्लेषण : माळावरच्या इवल्याशा पालीचे महत्त्व काय? ‘पडीक’ जमिनीत दडलेले सॅव्हानाचे कोडे

घरातली पाल सगळ्यांच्या ओळखीची. तिच्या चुकचुकण्यावरून मराठीत ‘शंकेची पाल’ आली आणि ती अंगावर पडली तर काय होते, हे सांगणारे पल्लीपतनाचे कोष्टक पंचांगात आले. मात्र भिंतीवर कधीही न चढणाऱ्या, माळावरच्या दगडाखाली किंवा सागाच्या वाळल्या पानांत दिवस काढणाऱ्या बोटाएवढ्या पालींची दखल आपण क्वचितच घेतो. नंदुरबारसारख्या कोरड्या, मोकळ्या जंगलांच्या जिल्ह्यात जमीन ‘पडीक’ कोणती आणि ‘वन’ कोणते, हे ठरवताना याच पाली महत्त्वाच्या साक्षीदार ठरू शकतात. त्या कशा, याचा हा आढावा.

ही पाल नेमकी कोणती?

महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश या तीन राज्यांत सापडणाऱ्या एका छोट्या पालीला २०१६ मध्ये ‘सर्टोडॅक्टिलस वरदगिरी’ असे शास्त्रीय नाव मिळाले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत अनेक वर्षे काम केलेले सरीसृपतज्ज्ञ डॉ. वरद गिरी यांच्या सन्मानार्थ हे नाव देण्यात आले. ईशान अग्रवाल, झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध केले. शेपूट सोडली तर तिचे शरीर जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचे. अंगावर गडद ठिपके, बोटे बारीक आणि वावर रात्रीचा. पश्चिम भारतातील अशा पालींना त्याआधी सर्रास ‘कोलेगालेन्सिस’ म्हटले जायचे. हे नाव कर्नाटकातील कोल्लेगाल परिसरातील पालीला रिचर्ड बेडोम या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० मध्ये दिले होते. म्हणजे जवळपास दीडशे वर्षे आपली पाल दुसरीच्या नावावर जगत होती. शरीररचना बारकाईने तपासल्यावर आणि जनुकीय तुलना केल्यावर ती वेगळी असल्याचे स्पष्ट झाले. ज्या तीन राज्यांत ती आढळते, त्यांच्या सीमा नंदुरबार जिल्ह्यातच एकमेकींना भिडतात.

तिच्या जोडीला आणखी कोण?

महाराष्ट्राच्या मोकळ्या माळांवर अशा जमिनीवरच्या पालींचे एक छोटे कुटुंबच आहे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरून २००८ मध्ये ‘हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस’ या प्रजातीचे वर्णन झाले. कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर राहणारी पांढऱ्या पट्ट्यांची ‘अल्बोफॅसिएटस’ ही प्रजाती अ‍ॅलिस ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमण यांनी १९६३ मध्ये नोंदवली. सडपातळ अंगाची ‘हेमिडॅक्टिलस ग्रासिलिस’ तर १८७० पासून माहीत आहे. सातपुड्याच्या मध्य प्रदेशातील भागातून २०१७ मध्ये खडकांवर राहणाऱ्या एका नव्या पालीची नोंद झाली. तिचे नाव ‘हेमिडॅक्टिलस चिपकली’ असे थेट हिंदी शब्दावरूनच ठेवण्यात आले. माळरानावरच्या पंखगळ्या सरड्यांच्या एका नव्या गटालाही २०१६ मध्ये ‘सरडा’ हे मराठी नाव मिळाले. थोडक्यात, आपल्या पायाखालच्या प्राण्यांची नीट ओळख पटू लागली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत.

जमिनीवरची पाल घरातल्या पालीपेक्षा वेगळी कशी?

घरातल्या पालीच्या बोटांखाली पसरट गाद्या असतात. त्यांवर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला आणखी बारीक फाटे फुटलेले असतात. आग्नेय आशियातील टोके या मोठ्या पालीच्या एका पायावर असे सुमारे पाच लाख तंतू असतात. पाल भिंतीला चिकटते ती डिंकासारख्या पदार्थाने नव्हे, तर हे फाटे आणि पृष्ठभाग यांच्यातील रेणूंच्या परस्पर आकर्षणामुळे. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या प्रयोगांतून हे दाखवून दिले.

जमिनीवर राहणाऱ्या पालीला मात्र या गाद्यांचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे सर्टोडॅक्टिलस गटातील पालींच्या बोटांना अशा गाद्याच नसतात. त्यांची बोटे सडपातळ, किंचित वाकलेली आणि नखे असलेली असतात. या गटाच्या बहुतेक प्रजाती झाडांवर, खडकांवर किंवा गुहांमध्ये राहतात. भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका येथील शाखा मात्र पूर्णपणे जमिनीवर उतरली. हेमिडॅक्टिलस गटाच्या भारतीय शाखेतही जमिनीवर उतरण्याचा हा बदल एकाहून अधिक वेळा, स्वतंत्रपणे झाल्याचे अपर्णा लाजमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले आहे. एकच बदल पुन्हा पुन्हा घडतो तेव्हा त्यामागे परिसराचा दाब असतो. इथे तो दाब मोकळ्या, खडकाळ, गवताळ जमिनीचा होता.

उन्हाळ्यात ती तगते कशी?

खान्देशात मे महिन्यातला पारा चाळिशीच्या वर असतो. उघड्यावरचा दगड तर त्याहून कितीतरी जास्त तापतो. एवढ्या लहान प्राण्याचे शरीर झटकन तापते आणि झटकन कोरडे पडते. म्हणून माळावरच्या पाली दिवस दगडाखाली, जमिनीच्या भेगेत किंवा पाचोळ्याच्या थराखाली काढतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात. शेपटीत चरबी साठवलेली असते, ती टंचाईत उपयोगी पडते. जीवावर बेतले तर हीच शेपटी तोडून पळ काढता येतो. मात्र तेव्हा साठवलेली शिदोरीही जाते. पापण्या नसल्याने डोळे जिभेने चाटून स्वच्छ ठेवावे लागतात. पालींच्या डोळ्यांची रचना अंधाराला सरावलेली असते. आफ्रिकेतील एका निशाचर पालीवर झालेल्या प्रयोगात, माणसाला जिथे सारे काळे-पांढरे दिसते अशा मंद प्रकाशातही ती रंग ओळखते, असे आढळले होते.

या सगळ्या युक्त्यांचा पाया एकच, तो म्हणजे आडोसा. माळावरचा सपाट दगड आपल्या दृष्टीने अडगळ. पालीसाठी मात्र तो घर असतो आणि अंडी घालण्याची जागाही.

सॅव्हाना म्हणजे काय? तो तर आफ्रिकेत असतो ना?

सॅव्हाना म्हटले की सिंह, जिराफ आणि टांझानियातील गवताळ मैदाने डोळ्यांसमोर येतात. परिसंस्थाशास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ सोपा आहे. जमिनीवर गवताचा सलग थर आणि त्यात विखुरलेली झाडे असा प्रदेश म्हणजे सॅव्हाना. झाडांची संख्या कमी-जास्त असू शकते. महत्त्वाचे हे, की ऊन जमिनीपर्यंत पोहोचते आणि त्या उन्हात वाढणारे गवत तिथे टिकते. घनदाट जंगलात सावलीमुळे असे गवत उगवत नाही.

या व्याख्येने पाहिले तर भारतातील ‘शुष्क पानझडी जंगल’ म्हणून ओळखला जाणारा मोठा भाग प्रत्यक्षात सॅव्हाना ठरतो, अशी मांडणी जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि इतर शास्त्रज्ञांनी २०११ पासून सातत्याने केली आहे. आपली वनांची वर्गवारी मुख्यतः चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या ग्रंथावर चालते. तिचा पाया ब्रिटिशकालीन वनखात्यात घातला गेला. त्या खात्याचा भर इमारती लाकडावर होता. साहजिकच झाड दिसले की ‘जंगल’, झाडे विरळ दिसली की ‘बिघडलेले जंगल’ आणि नुसते गवत दिसले की ‘पडीक’ अशी सवय पडली. ती आजही गेलेली नाही.

नंदुरबारचा यात संबंध काय?

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. उत्तरेला नर्मदा आणि सातपुड्याच्या रांगा, मध्ये तापीचे खोरे. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी अर्थात धडगाव हे सहा तालुके. लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के. तापीकाठची काळी जमीन ऊस, कापूस, पपई आणि मिरचीची. डोंगरउतारांवर मात्र साग, मोह, चारोळी, अंजन अशी झाडे आणि त्यांखाली पावसाळ्यात कमरेएवढे वाढणारे, उन्हाळ्यात सोनेरी पडणारे गवत.

या मोकळ्या जंगलाने एकदा जगाला चकित केले आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८७३ मध्ये विज्ञानाला माहीत झाले आणि १८८४ नंतर कुणालाच दिसले नाही. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने त्याचे नमुने याच खान्देशातून गोळा केले होते. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवी येथे हा पक्षी मिळाल्याचा दावा केला. प्रत्यक्षात त्याने संग्रहालयातील जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. हा बनाव उघड करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी खोट्या नोंदी बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणी शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी!

पुढे तोरणमाळ, तळोदा आणि मेळघाट येथे झालेल्या अभ्यासात या पिंगळ्याच्या आहाराचा तपशील मिळाला. त्याच्या भक्ष्यात सुमारे ६० टक्के वाटा सापसुरळ्यांसह पाल-सरड्यांच्या कुळाचा होता, उंदीरवर्गाचा सुमारे १५ टक्के. रानपिंगळा दिवसाही शिकार करतो, त्यामुळे रात्री फिरणाऱ्या पाली त्याच्या हाती कमीच लागत असणार. पण मुद्दा साधा आहे. जगात मोजक्याच ठिकाणी उरलेला हा पक्षी जमिनीवरच्या छोट्या सरपटणाऱ्या जीवांवर जगतो आणि ते जीव मोकळ्या, उन्हाच्या, गवताच्या जमिनीवर जगतात. साखळीचे खालचे टोक सुटले तर वरचे टिकणार नाही.

हे माळ म्हणजे तोडून उजाड केलेले जंगलच, असे नाही का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. काही ठिकाणी जंगल तुटून माळ झाला, हे खरेच. पण सगळेच माळ तसे नाहीत, याचे तीन प्रकारचे पुरावे आहेत.

पहिला पुरावा प्राण्यांचा. मोकळ्या जमिनीवरच जगू शकणारा प्राणी इथे किती काळ आहे, हे जनुकीय अभ्यासातून अंदाजे काढता येते. ईशान अग्रवाल आणि उमा रामकृष्णन यांनी २०१७ मध्ये ‘ओफिसॉप्स’ या माळावरच्या छोट्या सरड्यांची वंशावळ मांडली. भारतातील गवताळ प्रदेश प्राचीन आहेत, हा तिचा निष्कर्ष. पंखगळ्या सरड्यांचा विस्तारही उपखंड कोरडा होत गेला त्या काळाशी जुळतो. हा कालखंड लाखो वर्षांचा आहे. कुऱ्हाड आणि नांगर फार नंतर आले.

दुसरा पुरावा वनस्पतींचा. सॅव्हानातील गवते कडक ऊन, कोरडेपणा, चराई आणि अधूनमधून लागणारी आग सोसायला घडलेली असतात. अनेक झाडांची साल जाड असते आणि वणव्यानंतर ती बुंध्यापासून पुन्हा फुटतात. अशी घडण शे-दोनशे वर्षांत होत नाही.

तिसरा पुरावा चक्क मराठी साहित्याचा. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय आणि मौखिक परंपरा तपासल्या. त्यांतील स्थळवर्णने आणि झाडांची नावे पाहता पश्चिम महाराष्ट्रातील आजचा माळ किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होता, असे दिसते.

मग धोका कशाचा?

जंगलाला कुऱ्हाडीचा धोका असतो. माळाला अनेकदा चांगल्या हेतूचाच धोका असतो. कागदावर तो ‘पडीक’ असल्याने कोणताही प्रकल्प आधी तिकडेच वळतो. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी २०२३ मध्ये भारतातील कोरड्या प्रदेशांतील अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. देशाच्या जमिनीपैकी सुमारे १० टक्के जमीन या प्रकारची आहे आणि तिच्यापैकी पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान एक हेक्टर जागेवर झाडांचे छत्र १० टक्क्यांच्या वर असेल तर ते ‘वनाच्छादन’, त्याखाली ‘झुडपी’. छत्र वाढले की आकडा सुधारतो, गवत वाढले तर नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये दोन कोटी रोपांपासून सुरुवात करून २०१९ च्या पावसाळ्यासाठी ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. केंद्राने २०२३ मध्ये आणलेल्या हरित क्रेडिट योजनेतही मोकळे वन, झुडपी जमीन आणि पडीक जमीन लागवडीसाठी गृहीत धरलेली आहे. फेब्रुवारी २०२४ च्या कार्यपद्धतीत दर हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती. एवढी दाट लागवड यशस्वी झाली तर सावलीने गवत जाते आणि अयशस्वी झाली तर खड्डे उरतात. खड्डे, चर आणि दगडी बांध यांसाठी दगड उचलले गेले की पालीचा आडोसा दोन्ही वेळा जातो.

साताऱ्याच्या पठाराने काय दाखवले?

चाळकेवाडीचे पठार हे सातारेन्सिस पालीचे घर आणि पवनचक्क्यांचेही. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथे केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळपास चौपटीने कमी आढळले. शिकारी घटल्याने पंखगळ्या सरड्यांची संख्या वाढली, त्यांची भीती कमी झाली आणि गर्दीमुळे त्यांची शरीरयष्टीही खालावली. एकही झाड न तोडता संपूर्ण साखळी बदलली.

हा अभ्यास पवनऊर्जेच्या विरोधात नाही. धुळे-नंदुरबारच्या माळांवरही पवनचक्क्या फिरतात आणि स्वच्छ ऊर्जेची गरज कुणी नाकारत नाही. पण ‘इथे काहीच नाही’ असे समजून जागा निवडली की काय होते, हे त्यातून कळते. वाघाला शेकडो चौरस किलोमीटरचे क्षेत्र लागते, म्हणून त्याच्यासाठी आराखडे होतात. एखाद्या पालीची सारी प्रजातीच एका पठारापुरती असू शकते. ते पठार गेले तर तिला शेजारच्या डोंगरावर चालत जाता येत नाही.

म्हणजे झाडे लावायचीच नाहीत का?

तसे अजिबात नाही. नंदुरबारमधून दर वर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी आणि मजुरीसाठी गुजरात आणि महाराष्ट्राच्या इतर भागांत जातात. पाणी अडवणे, मोह-चारोळी-आंबा यांसारखी उत्पन्न देणारी झाडे जपणे आणि खरोखर तुटलेले जंगल परत उभे करणे ही तिथली निकड आहे. प्रश्न ‘झाड की पाल’ असा नाही, कोणत्या जागी काय, हा आहे. गावाजवळची, बांधावरची, नाल्याकाठची आणि पूर्वी जंगल असलेली जमीन लागवडीला योग्य. खडकाळ माथा आणि जुने गवती कुरण मात्र तसेच राखले तर चारा मिळतो, मेंढपाळांची वाट राहते आणि गवताच्या खोल मुळांत कार्बनही साठून राहतो.

हे ओळखण्यात स्थानिकांचा वाटा मोठा असू शकतो. वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपल्या जंगलाचा आराखडा ठरवण्याचा अधिकार आहे. कोणते कुरण जुने आणि कोणता उतार तोडून उघडा पडलेला, हे भिल्ल, पावरा, मावची गावांतील जाणत्यांना नकाशापेक्षा चांगले ठाऊक असते.

पाल विषारी असते का?

नाही. भारतातील कोणतीही पाल विषारी नाही. पापण्या असलेली, ठिपक्यांची जाड शेपटीची पाल अनेक गावांत विषारी समजून मारली जाते. तीही निरुपद्रवी आहे. पालीच्या विष्ठेत जिवाणू असू शकतात, म्हणून अन्न झाकून ठेवावे, इतकेच. माळावरच्या पाली घरात येतही नाहीत. दगड उलटून पाहिलाच, तर तो पूर्वी होता तसाच हळूच ठेवून द्यावा.

पुढे काय?

पहिले पाऊल शब्दांचे आहे. महसुली आणि वन नोंदींत ‘पडीक’ लिहिलेल्या जमिनीपैकी नैसर्गिक माळ कोणता, हे वेगळे नोंदवले गेले तरच पुढचे निर्णय बदलतील. दुसरे पाऊल पाहणीचे. लागवड, सौर किंवा पवन प्रकल्पासाठी जागा ठरवण्यापूर्वी पावसाळ्यात आणि रात्रीही तिथली तपासणी व्हायला हवी. कारण एप्रिलच्या दुपारी माळ पाहिला तर तो ओसाडच दिसणार. रानपिंगळा ११३ वर्षे ‘नामशेष’ समजला गेला, तो शहाद्याच्या जंगलातच होता. पालींच्या बाबतीत एवढी वाट पाहण्याची सवलत नाही. पिंगळा उडून दुसऱ्या जंगलात जाऊ शकतो. दगड हलवला की पालीचे घरच संपते.